प्रवेश मिळाला, पण गॅदरिंगचं काय? (आरटीई, डबे, आडनावं वगैरे)

खिडकीपाशी (धागाकर्ती) | रविवार, रात्री १०:१२

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय तसा छोटा आहे, पण चार दिवस डोक्यातून जात नाहीये.

मुलगी तिसरीत आहे, पुण्यातल्या एका खाजगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. गॅदरिंगला त्यांच्या वर्गाचं लेझीम आहे. नऊवारी, गंगावन, नथ, सगळं भाड्याने, मिळून बाराशे रुपये. ठीक. बुधवारी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला: 'खालील आरटीई विद्यार्थ्यांच्या पालकांनी ड्रेसच्या पैशांबाबत ऑफिसात भेटावे.' खाली सात नावं. ग्रुपवर सगळ्या वर्गाचे पालक. कोणीतरी त्यावर अंगठाही दिला.

त्या सातांतलं एक नाव लेकीच्या जिवलग मैत्रिणीचं. तिची आई आमच्या सोसायटीत दोन घरी पोळ्या करते. (आमच्याकडे नाही. आधीच सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येणार.) लेकीने माझ्या फोनवर मेसेज वाचला. "आई, आरटीई म्हणजे काय?" मी शिक्षण हक्काचा कायदा, खाजगी शाळेतल्या राखीव फुकट जागा वगैरे समजवायला लागले, तर मध्येच म्हणाली, "ती आरटीई आहे, मग मी काय आहे?"

मला काही सुचलं नाही. जेवायला बस म्हटलं.

प्रश्न असा: शाळेशी बोलावं का? गुपचूप त्या मुलीचे पैसे भरावेत का? की गप्प बसावं, कारण मी तोंड उघडलं तर सगळ्यांच्या नजरा त्याच मुलीकडे वळायच्या? तुमच्या शाळांत, ऑफिसांत काय होतं तेही लिहा. आम्ही सगळ्यांना घेतो म्हणणाऱ्या जागा असतात, आत गेल्यावर काय होतं?

अर्धवटराव | १०:१९

पुणे + शाळा + आरक्षण + व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. शंभरी नक्की. पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलोय.

फी_भरणारा | १०:४१

लोकांना आवडणार नाही, तरी लिहितो. माझी दोन मुलं खाजगी शाळेत आहेत. दरवर्षी फी वाढते आणि शाळा तोंडावर सांगते की सरकारकडून आरटीईचे पैसे येत नाहीत, म्हणून वाढवतोय. म्हणजे सरकारने कायदा केला, टाळ्या घेतल्या आणि बिल माझ्या नावाने फाडलं. कर मी भरतोच. महापालिकेच्या शाळा नीट चालवा ना त्यातून! त्या चालवता येत नाहीत म्हणून ही पळवाट. मुलांबद्दल माझं काही म्हणणं नाही. ग्रुपवर नावं टाकणं चूकच.

डबाबाटली | १०:५५

"मुलांबद्दल माझं काही म्हणणं नाही" हे वाक्य आमच्या ग्रुपवरही असतं. त्याच्या पुढे नेहमी 'पण' असतो, इथे तो आधी आला एवढंच.

फी_भरणारा | ११:०२

@डबाबाटली, पैशाच्या मुद्द्यावर बोला ना. टोमणा मला पण मारता येतो.

खडूफळा | सोमवार, सकाळी ६:३०

मी एकतीस वर्षं शाळेत होते, त्यातली शेवटची सात मुख्याध्यापिका म्हणून. ही सगळी प्रकरणं टेबलाच्या पलीकडून पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. चहा घेऊन बसा.

फी भरणाऱ्यांचं पैशाचं म्हणणं खोटं नाही. कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. कलम १२(१)(क) प्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत त्यांना फुकट शिकवायचं. सरकार शाळेला परतावा देतं, पण स्वतःच्या शाळेत एका मुलावर जेवढा खर्च होतो तेवढाच, किंवा शाळेची फी त्याहून कमी असली तर तेवढी. आपल्याकडे हा आकडा कित्येक वर्षं वर्षाला १७,६७० रुपये होता. करोनाच्या वर्षी तर ८,००० वर आणला. आणि तोही वेळेवर यायचा नाही. मार्चमध्ये शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या बाकावर फायली मांडीवर घेऊन मी किती दुपारी काढल्या, ते माझ्या गुडघ्यांना विचारा. छोट्या संस्थांना हा खरोखर जाच आहे. मोठ्यांना नाही, पण ओरडतात मोठेच.

आता ताईंचा मुद्दा. केंद्राच्या २०१० च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय: या मुलांना वर्गात वेगळं बसवायचं नाही, त्यांचे वर्ग वेगळ्या वेळी वा वेगळ्या जागी भरवायचे नाहीत, आणि पुस्तकं, गणवेश, ग्रंथालय, संगणक, खेळ, अभ्यासेतर उपक्रम यांत भेदभाव करायचा नाही. गॅदरिंग हा अभ्यासेतर उपक्रमच. तेव्हा तुम्ही शाळेकडे दया मागायला जाणार नाही आहात, नियम दाखवायला जाणार आहात. आवाज न चढवता जा.

आणि एक कबुली. 'आरटीईची मुलं उभी राहा' हे वाक्य मी स्वतः उच्चारलेलं आहे. मोजणी पाठवायची होती, घाई होती. नऊ मुलं उभी राहिली, त्यातलं एक जरा उशिरा उठलं. तो उशीर मला अजून दिसतो.

सांगलीची_हळद | ८:०५

बाई, प्रतिसाद वाचनखूण करून ठेवला. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

कोर्टकचेरी | ९:२०

बाईंच्या माहितीत भर. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. शहरात एक किलोमीटरच्या आत काय नसतं? म्हणजे जवळजवळ सगळ्या सुटल्या. उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली, जुलैत नियम रद्द केला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. मधल्या काळात त्या वर्षीची प्रवेशाची सोडत अडकली, शाळा जूनलाच सुरू झाल्या. सोडतीतली मुलं दोन-दोन महिने उशिरा वर्गात आली. 'नवीन मुलगा' हा शिक्का तिथेच बसला.

तिसरा_बाक | ११:४८

नेहमी नुसता वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी आरटीईचा. २०१३ ला पहिलीत लागलो. वडील रिक्षा चालवतात. सोडतीत नंबर लागला तेव्हा आजीने पेढे वाटले, जसं काही मला नोकरीच लागली.

गंमत सांगतो. फी थकलेल्या मुलांना आमच्या शाळेत प्रार्थनेनंतर थांबवायचे. माझं नाव कधीच यायचं नाही, कारण माझी फीच नव्हती. त्यामुळे चौथीपर्यंत माझ्या बाजूच्या मुलाला वाटायचं की मी लई श्रीमंत आहे. त्याच्या वडिलांचं दुकान होतं, पण फी दरवेळी उशिरा. मी काही सांगितलं नाही. तीन वर्षं श्रीमंतीत काढली.

पाचवीत वाढदिवसाच्या चॉकलेटवरून पकडला गेलो. बाकीचे दहा-वीस रुपयांचं एकेक वाटायचे. आईने एक रुपयावाल्या गोळ्यांचं पाकीट दिलं. मी ते दप्तरातून बाहेरच काढलं नाही. 'आज वाढदिवस ना?' म्हणून बाईंनी विचारलं तर म्हणालो, विसरलो. शाळा सुटल्यावर पाकीट गेटवरच्या काकांना देऊन टाकलं. घरी सांगितलं, सगळ्यांनी घेतल्या.

शिक्षक वाईट नव्हते, हे पण लिहितो. गणिताच्या सरांनी दोन वर्षं स्वतःची पुस्तकं दिली. इंग्रजी घरी कोणाला येत नव्हतं, डायरीतला 'रिमार्क' मीच वाचायचो आणि मीच भाषांतर करायचो. भाषांतरात थोडी सूट घ्यायचो. :)

खरी गोष्ट आठवीनंतरची आहे, ती कोणी लिहिली नाही म्हणून लिहितोय. कायदा आठवीला संपतो. मी आठवीत होतो तेव्हा करोना. घरात एक फोन, तो वडिलांच्या धंद्याचा. धंदा बंद म्हणून मला मिळाला, असं बघायला गेलं तर नशीब. मग नववीला शाळेचं पत्र आलं, पूर्ण फी भरा नाहीतर दाखला घेऊन जा. दाखला घेतला. नववी-दहावी दुसऱ्या शाळेत, मराठी माध्यमात. आठ वर्षं इंग्रजीत शिकलेलं विज्ञान मराठीत कळेना. 'अपवर्तन' म्हणजे रिफ्रॅक्शन हे कळायला मला दिवाळी उजाडली. तिथली पोरं मला 'इंग्लिश' म्हणायची. पहिल्या शाळेत मी आरटीई, दुसऱ्या शाळेत इंग्लिश.

आता डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ताई, तुम्ही पैसे भरू नका असं मला वाटतं. भरलेत तर त्या मुलीला कळेलच. मुलांना सगळं कळतं.

अर्धवटराव | १२:०३

पॉपकॉर्न खाली ठेवलं.

मित्रा, लिहीत जा.

फी_भरणारा | दुपारी १:१५

@तिसरा_बाक, तुझा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. नववीचा मुद्दा मला माहीतच नव्हता. आठ वर्षं चढवायचं आणि नवव्या पायरीला शिडी काढून घ्यायची, हा काय प्रकार? तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही. सरकारने परतावा दिला आणि बारावीपर्यंत दिला, तर शाळेला कुरकुरायला जागा उरणार नाही आणि मलाही. अर्धा कायदा केला की सगळेच एकमेकांवर डाफरतात.

आकडेमोड | २:३०

'अशी मुलं आली की वर्गाचा दर्जा घसरतो' हे ग्रुपवर हमखास येतं, म्हणून एक अभ्यास सांगतो. दिल्लीत खाजगी शाळांना गरीब मुलं घेणं २००७ पासूनच भाग पडलं होतं. गौतम राव या अर्थतज्ज्ञाने अशा शाळांतल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही वर्गांत गरीब मुलं होती, काहींत नव्हती, त्यामुळे तुलना करता आली.

त्यातला रिलेचा प्रयोग मला फार आवडतो. श्रीमंत मुलांना जोडीदार निवडायला सांगितले. जिंकलं तर बक्षीस. पळण्यात चपळ असलेलं पोर गरीब शाळेतलं. बक्षीस मोठं असलं तर बहुतेकांनी चपळ पोराला घेतलं. बक्षीस लहान झालं तसे बरेच जण ओळखीच्या कपड्यांतल्या मुलाकडे वळले, हरण्याची तयारी ठेवून. पण ज्यांच्या वर्गात आधीपासून गरीब मुलं होती, ती असं खूप कमी वेळा करत. ही मुलं देणगी देण्यातही जास्त सढळ निघाली. गणित आणि हिंदीच्या गुणांवर परिणाम नाही, इंग्रजीत किंचित घट. आणि हो, शिव्या थोड्या वाढल्या.

अर्धवटराव | २:३४

शिव्या वाढल्या तो खरा समावेश. बाकी सगळं कागदावर.

सदाशिव_मावशी | ३:१०

शिव्यांसाठी गरीब मुलांची काय गरज? आमच्या वाड्यातले आजोबा एकटे पुरेसे होते.

नाइटशिफ्ट | ४:००

धागाकर्तीने ऑफिसबद्दलही विचारलंय म्हणून. आमच्याकडे दर ऑक्टोबरात विविधता सप्ताह असतो. पारंपरिक वेष, रांगोळी, प्रश्नमंजूषा. ८ मार्चला गुलाबाचं फूल. पण मुलाखतीत मला 'पुढच्या दोन वर्षांत लग्नाचं वगैरे काही?' असं विचारलं होतंच. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा सव्वीस आठवडे झाली, पण पगार सगळा मालकाने द्यायचा. त्यामुळे विचारणारे हळूच विचारतात. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघर हवं असाही कायदा आहे. आमच्या कंपनीचं पाळणाघर कागदावर आहे. कागदावर त्याला खिडक्यासुद्धा आहेत.

मालवणी_मसाला | ४:२२

ऑफिस म्हणाल तर माझी लढाई मायक्रोवेव्हची. पँट्रीत पाटी लागली: 'कृपया उग्र वासाचे पदार्थ गरम करू नयेत.' उग्र म्हणजे काय ते लिहिलं नव्हतं, पण मी सुकट नेलेल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी पाटी लागली. शेजारचा रोज लसणाची फोडणी दिलेली डाळ गरम करतो, ती उग्र नाही. नंतर एक टेबल 'फक्त शाकाहारी' झालं. कोणी ठरवलं माहीत नाही, आपोआप झालं. आता मी आणि नागालँडची एक मुलगी जिन्यात जेवतो. जिन्यात हवा चांगली येते ते एक बरं.

सदाशिव_मावशी | ४:४०

मी शाकाहारी. वास सहन होत नाही हे मी खोटं कशाला सांगू? पण जिन्यात बसवणं बरं नव्हे. आमच्या बँकेत तीस वर्षं एका मोठ्या टेबलाला सगळे बसायचे. पहिल्या वर्षी मी नाकाला पदर लावायची. सहाव्या वर्षी मैत्रिणीच्या सुकटीची चटणी कशी करतात ते विचारून घेतलं, भावजयीसाठी. खाल्ली नाही अजूनही.

डबाबाटली | ४:४४

मावशी, कृती टाका.

आडनाव_नाही | सायंकाळी ६:१५

डब्याच्या आधी आडनाव येतं. माझा आयडी बघा.

मी नाव आणि वडिलांचं नाव एवढंच लिहितो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये: "पूर्ण नाव काय?" सांगितलं. "नाही म्हणजे, आडनाव?" लावत नाही म्हटलं. "अरे पण असेलच ना काहीतरी. गाव कुठलं? गावात कुठल्या आळीला?" चौथ्या प्रश्नाला उत्तर त्यांना मिळालं, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की मिळालं. त्यानंतर कोणी वाईट वागलं नाही. फक्त 'कोट्यातून का?' हा प्रश्न दर बढतीच्या वेळी हवेत असतो. कंपनी खाजगी आहे. कोटा आहे कुठे?

पेन्शनर_सातारा | ६:५०

आडनाव विचारणे ही आपली जुनी रीत आहे. गाव, नातेवाईक, ओळख निघते. यात प्रत्येक वेळी जात शोधायची गरज नाही. हल्ली काहीही विचारायची सोय राहिली नाही.

आडनाव_नाही | ७:०५

काका, तुम्ही ओळख काढायला विचारत असाल, मान्य. पण ओळख निघाल्यावर तुमच्या चेहऱ्यात काही बदलत नाही, याची मला खात्री कशी असणार? मला दरवेळी एक सेकंद थांबून बघावं लागतं. तुम्हाला तो सेकंद कधी थांबावा लागला नसेल.

आकडेमोड | ७:३२

सुखदेव थोरात (आपल्या अमरावती जिल्ह्यातले) आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी नेमकं हेच तपासलं होतं. २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या साप्ताहिकात आलंय. वर्तमानपत्रांतल्या जाहिराती पाहून खाजगी कंपन्यांना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखंच, बदल फक्त नावात: उच्चवर्णीय, दलित आणि मुस्लिम. पुढच्या फेरीला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला साधारण दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. तिथे कोणी चेहराही पाहिला नव्हता.

पेन्शनर_सातारा | ७:५८

आकडे वाचले. विचार करतो.

हडसनकाठी | रात्री ९:१०

न्यू जर्सीहून. इथे जानेवारी २०२५ मध्ये नवीन सरकारने आल्या आल्या सरकारी खात्यांतले विविधतेचे कार्यक्रम बंद करण्याचे आदेश काढले. सरकारी कंत्राटदारांना भेदभाव न करण्याची आणि सर्वांना संधी देण्याची अट घालणारा १९६५ चा आदेशही रद्द झाला. आमच्या कंपनीला सरकारी कामं मिळतात. महिनाभरात त्या विभागाची पाटी बदलली. माणसं तीच, टेबलं तीच, फक्त 'विविधता' हा शब्द संकेतस्थळावरून गेला. आपल्यातल्या काहींना आनंद झाला. मला गंमत वाटली, कारण हेच लोक 'आम्हाला वर घेत नाहीत, गोऱ्यांचंच चालतं' म्हणून दर पार्टीत कुरकुरतात. आणि त्याच पार्टीत नवीन आलेल्या मुलाला आडनाव विचारतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलने भेदभावबंदीच्या यादीत 'जात' हा शब्द घातला, अमेरिकेतलं पहिलंच शहर. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक विधिमंडळात मंजूर झालं, पण गव्हर्नरने ऑक्टोबरात नकाराधिकार वापरला. त्या दिवसांत आमच्या मंडळाच्या ग्रुपवर जे काही चाललं होतं, त्यापुढे तुमचा शाळेचा ग्रुप म्हणजे भजनी मंडळ.

अर्धवटराव | ९:१४

सातासमुद्रापार काय काय नेलं? लोणचं, ढोलताशा आणि आळी कुठली.

पांढरी_काठी | ९:४५

मी जन्मांध, सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो. फोन बोलून दाखवतो तसा हा धागा ऐकतोय. (@तिसरा_बाक, तुझा प्रतिसाद त्या यंत्राच्या आवाजातही पोचला.)

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, सरकारी नोकरीतलं आरक्षण तीनावरून चार टक्के झालं. खाजगीत आरक्षण नाही, पण मला नोकरी मिळाली ती कामावर. आता माझा वार्षिक उत्सव सांगतो. ३ डिसेंबर, जागतिक अपंग दिन. मला स्टेजवर नेतात, शाल, नारळ, 'प्रेरणा' वगैरे. फोटो निघतो, मी कुठे बघायचं ते कोणीतरी खांदा धरून ठरवतं. गेल्या वर्षी माइक हातात आला तेव्हा म्हणालो, शाल चार झाल्या, आता हजेरीचं ते नवीन अ‍ॅप माझ्या फोनला वाचता येईल असं करा. कारण बटणांना नावंच दिलेली नाहीत. माझा फोन म्हणतो: 'बटण. बटण. बटण.' रोज सकाळी हजेरी लावायला मला शेजाऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागतात, आणि तो उशिरा आला की मी उशिरा.

टाळ्या खूप पडल्या. अ‍ॅप अजून 'बटण, बटण' म्हणतंय.

नाइटशिफ्ट | ९:५२

आमच्या पाळणाघराची आणि तुमच्या अ‍ॅपची सोयरीक जमवू या.

कोल्हापुरी | १०:३०

उशीर झाला, पण चहाचा विषय निघाल्यावर कोल्हापूर गप्प बसेल का! (चहाचा निघाला नाही म्हणता? बाईंनी सकाळीच काढलाय.)

२६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, हे सगळ्यांना पाठ आहे. पण आमच्याकडे त्याच्याइतकीच दुसरी गोष्ट सांगतात. महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, शिवाय कांबळ्यांना चहाचं हॉटेल काढून दिलं, भर शहरात. हॉटेल निघालं, पण गिऱ्हाईक येईना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायला लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजायला लागले. सहीसाठी कागद घेऊन कोणी आला तर म्हणे 'गंगारामच्या हॉटेलात ये.' सही पाहिजे असेल तर कप उचलावाच लागायचा.

नुसता हुकूम काढून काम झालं असतं तर त्यांनी रोज गाडी थांबवली नसती. ताई, तुमच्या शाळेत गाडी थांबवणारं कोण आहे ते बघा.

खडूफळा | मंगळवार, सकाळी ६:१०

कोल्हापूरकरांनी बरं आठवण करून दिली. ताई, जाताना एकट्या जाऊ नका, पूर्ण फी भरणारे आणखी दोघं-तिघं घ्या. आणि 'त्या मुलीचं' असं बोलू नका. 'ड्रेसचा खर्च सगळ्यांकडून एकत्र घ्या, नाहीतर घरातलेच कपडे घालू द्या' असं मागा. यादी ग्रुपवर का गेली, ते शेवटी विचारा. पहिल्यांदा विचारलंत तर शिक्षिका बचावाला उभी राहील आणि पुढचं काही ऐकणार नाही. ती पंचविशीतली असणार, तिला ऑफिसातून मेसेज आला असणार आणि तिने जसाच्या तसा पुढे ढकलला असणार. मी चिक्कार पाहिलंय.

फी_भरणारा | ८:४०

शाळा माझ्या घराजवळची असेल तर मी येतो बरोबर. गंमत नाही करत.

डबाबाटली | ८:४३

रविवारचा टोमणा मागे घेतला.

खिडकीपाशी (धागाकर्ती) | पुढचा सोमवार, रात्री ९:३०

उशिरा अपडेट देतेय, क्षमा. सगळे प्रतिसाद वाचले, काही नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले.

शुक्रवारी आम्ही चौघं पालक गेलो. (फी_भरणारे वेगळ्या उपनगरातले निघाले.) बाईंनी सांगितलं तसंच बोलले. मुख्याध्यापिकांनी ऐकून घेतलं. नियमांचा कागद नेला होता, तो काढायची वेळ आली नाही, पण तो पर्समध्ये आहे एवढ्याने माझा आवाज बरा राहिला. पुढच्या वर्षीपासून भाड्याचे कपडे बंद, या वर्षीचं भाडं शाळा आपल्या खर्चातून करणार, आणि पैशांचे मेसेज ग्रुपवर न टाकता ज्याचे त्याला. शिक्षिका खरंच पंचविशीतली. बाहेर येऊन म्हणाली, "मॅम, मला ऑफिसमधून आलं, मी फॉरवर्ड केलं." बाई, तुम्ही तिथे कॅमेरा लावलाय का?

मग खरी गोष्ट. शनिवारी लेकीच्या मैत्रिणीची आई जिन्यात भेटली. मी मनातल्या मनात जरा खूशच होते, खोटं कशाला बोलू. ती म्हणाली, "ताई, शाळेत आमच्याबद्दल काही बोललात का तुम्ही?" मी तुमच्याबद्दल नाही, सगळ्यांबद्दल वगैरे सांगायला लागले. तिने ऐकलं आणि म्हणाली, "आम्ही बाराशे पहिल्याच दिवशी भरले होते. पावती आहे घरी. ऑफिसातल्यांनी बघितलं नाही आणि जुनीच यादी टाकली. मी बुधवारीच जाऊन त्यांना विचारून आलेय."

म्हणजे मी चार दिवस डोकं धरून बसले होते, तेव्हा ती भांडून आली होती. आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. इथे तुम्हा सगळ्यांना विचारलं, तिला नाही.

तिसरा_बाक | ९:५०

ताई, माझी आई पण गॅदरिंगचे पैसे पहिल्याच दिवशी भरायची. उसने आणून. यादीत नाव नको म्हणून.

खडूफळा | १०:०५

मी तुम्हाला एवढी लांबलचक सूचना दिली, त्यात 'आधी त्या बाईंना विचारा' हे एक वाक्य नव्हतं. एकतीस वर्षं नोकरी करून.

आडनाव_नाही | १०:२०

लेकीला काय सांगितलंत शेवटी? 'मी काय आहे' ते?

खिडकीपाशी (धागाकर्ती) | १०:३१

अजून काही नाही. तिचा प्रश्न आता बदललाय. मैत्रिणीला लेझीमच्या पहिल्या रांगेत घेतलंय आणि हिला तिसऱ्या, त्यावरून घरात रडारड चालू आहे. हिला ताल धरता येत नाही, हे शाळेने अगदी निःपक्षपातीपणे ओळखलंय.

डबाबाटली | १०:४०

अभिनंदन. सदाशिव_मावशी, सुकटीच्या चटणीची कृती राहिली आहे.

सदाशिव_मावशी | १०:५५

टाकते उद्या. भावजयीला फोन करून खोबरं सुकं की ओलं ते विचारावं लागेल.